पगारवाढ होऊनही पाळीतला उत्साह का ओसरतो?

प्रश्न: दुसरी पाळी, रबाळे

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात औषधे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पॅकिंग विभागातील दुसऱ्या पाळीची पर्यवेक्षक आहे. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणे, त्यांवर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापणे, वापरलेल्या आणि उरलेल्या साहित्याचा हिशेब जुळवणे आणि माल गोदामाकडे सोडणे हे आमचे काम. पाळीत काही कायम कामगार आहेत, बरेचसे ठेकेदारामार्फत आलेले आहेत. निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. दिघा, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथून तर त्या येतातच, पण काही जणी थेट बदलापूरहून येतात.

गेल्या वर्षी व्यवस्थापनाने पगारवाढ दिली आणि जोडीला, ठरलेल्या संख्येच्या वर भरलेल्या प्रत्येक खोक्यामागे प्रोत्साहन भत्ता सुरू केला. पहिल्या काही आठवड्यांत उत्पादन स्पष्टपणे वाढले. त्यानंतर जे घडले ते मला समजून घ्यायचे आहे. एकाच औषधाची मोठी बॅच ज्या लाइनवर चालते तिथे बसण्यासाठी चढाओढ सुरू झाली, आणि ज्या लाइनवर एकाच पाळीत दोन-तीनदा औषध बदलते, दर वेळी साचे आणि छपाईचे ठसे बदलावे लागतात आणि प्रत्येक बदलानंतर लाइन मोकळी असल्याची, म्हणजे आधीच्या औषधाचे काहीही तिथे उरले नसल्याची, गुणवत्ता विभागाची सही येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबावे लागते, तिथे जायला कोणीही तयार होईना. फिकट छपाईची पट्टी दिसली की पूर्वी जिच्या हाताला लागेल ती बाजूला काढत असे. आता ‘पुढच्या तपासणीत पकडली जाईलच’ असे म्हणून ती पुढे सरकू लागली. उत्पादन पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आले आहे, नाराजी मात्र वाढलेली आहे, आणि कामात सर्वांत तरबेज असलेल्या दोघी नोकरी सोडून गेल्या. त्यांपैकी एकीने जाताना पगाराबद्दल अवाक्षर काढले नाही. “इथे आम्हाला कोणी काही विचारत नाही,” एवढेच ती म्हणाली.

आता ‘महिन्याचा सर्वोत्तम कामगार’ निवडून त्याचे छायाचित्र फलकावर लावायचे ठरते आहे. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे आहे की थोडा धाक हवाच. माझ्या आधीचे पर्यवेक्षक म्हणत की सगळ्यांना सांभाळून घ्यावे. पैसा वाढवूनही माणसाचे मन कामातून का निघते, आणि ज्याच्या हाती पगार ठरवण्याचा अधिकार नाही अशा माझ्यासारख्या पर्यवेक्षकाला त्यात नेमके काय करता येते, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर: कोपरी, ठाणे पूर्व

ताई, मी वागळे इस्टेटमध्ये ठेकेदारामार्फत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. आपल्या पाळीत एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोन बायका बसत असतील, त्यांपैकी एकीला कायम कामगाराचा पगार, पगारी रजा आणि कँटीनची सवलत मिळत असेल आणि दुसरीला पुढच्या महिन्यात ठेकेदार ठेवील की नाही याचीही खात्री नसेल, तर त्या दुसरीचा उत्साह का ओसरतो हा प्रश्न विचारण्याआधी तिच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे वेळेवर भरले जातात का, तिला बोनस हातात मिळतो का आणि प्रोत्साहन भत्ता तिलाही लागू आहे का, हे पाहायला हवे. बोनस किमान ८.३३ टक्के द्यावा असे कायदा सांगतो, तरीही तो मागताना ठेकेदारी कामगाराला आपण उपकार मागतो आहोत असे वाटायला लावले जाते. अशा माणसापुढे प्रेरणेची भाषा बोलली की त्याला ती फसवणूक वाटते, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही.

आपल्याजवळच, तुर्भ्याच्या बाजारसमितीत, माथाडी कामगार पाठीवर पोती वाहतात. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघर्षानंतर १९६९ साली माथाडी कायदा आला. त्यापूर्वी या माणसांना ठरलेला मालक नव्हता आणि म्हातारपणाची कसली सोयही नव्हती. कायद्याने मंडळे स्थापन झाली, नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार आला. काम आजही तितकेच कष्टाचे आहे. तरीही नोंदणीचा बिल्ला मिळालेला माथाडी ज्या ताठ मानेने आपले काम सांगतो, तो ताठा त्याला कोणा साहेबाच्या भाषणाने मिळालेला नाही. आपल्या हातात जे थोडेफार असेल त्यातून आधी हा भेदभाव कमी करा, मग पुढचे बोलू.

उत्तर: निवृत्त, बेलापूर

मी मनुष्यबळ विभागात नोकरी केली आणि नंतर काही काळ हा विषय शिकवला. कोपरीकरांनी जे लिहिले आहे ते या विषयाच्या अभ्यासाला धरूनच आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांना विचारले की नोकरीत आपल्याला विशेष चांगले केव्हा वाटले आणि विशेष वाईट केव्हा वाटले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसले की वाईट वाटण्याच्या आठवणींमध्ये कंपनीची धोरणे, देखरेखीची पद्धत, वेतन आणि कामाची परिस्थिती हे विषय वारंवार येतात, तर चांगले वाटण्याच्या आठवणींमध्ये पूर्णत्वाला नेलेले काम, त्याची झालेली कदर, स्वतःवर टाकलेली जबाबदारी आणि कामाचे स्वरूप हे विषय येतात. यावरून त्यांनी असे मांडले की असमाधान दूर करणाऱ्या गोष्टी आणि मनापासून काम करायला लावणाऱ्या गोष्टी या एकाच मापाची दोन टोके नाहीत. पगार अन्यायकारक असेल तर माणूस धुमसत राहतो. तो न्याय्य झाला की धुमसणे थांबते, परंतु एवढ्याने त्याचे मन कामात गुंतेलच असे नाही. आपल्याकडे पगारवाढीनंतरचे पहिले काही आठवडे बरे गेले आणि मग सगळे पूर्ववत झाले, ते मला याच प्रकारचे वाटते.

प्रोत्साहन भत्त्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मध्यंतरीच्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला आणि पुढच्या सत्रात तो बंद झाला. त्यानंतर मोकळ्या वेळेत, कोणी पाहत नसताना, हे विद्यार्थी कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळू लागले. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. ज्या मुलांना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे आपणहून चित्र काढण्यात इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र आधी न सांगता, चित्र काढून झाल्यावर मिळाले, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. आपल्या फलकावरच्या छायाचित्राचा विचार करताना हा फरक लक्षात ठेवावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोणी लक्ष देऊन एखादी मोठी चूक टाळली आणि आपण त्याच दिवशी, सर्वांसमोर, नेमके काय घडले ते सांगून तिचे आभार मानले, तर त्याचा परिणाम टिकतो. दर महिन्याला एकाला पहिला ठरवणे म्हणजे उरलेल्या सर्वांना आपण मागे पडलो असे दर महिन्याला सांगणे होय.

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे अनेक वर्षांच्या अभ्यासातून असे मांडले की माणसाला तीन गोष्टींची भूक असते: आपल्या कामात आपला काही निर्णय चालावा, आपल्याला ते काम उत्तम येते असा अनुभव यावा आणि आसपासच्या माणसांशी आपुलकीचे नाते असावे. आपल्याकडून गेलेल्या त्या बाईंनी जे एक वाक्य उच्चारले त्यात यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची उणीव स्पष्ट दिसते.

आता एक उदाहरण आपल्या देशातले, कारण कारखान्यातल्या माणसांना परदेशी विद्यार्थ्यांचे प्रयोग दूरचे वाटतात. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले, पण अपेक्षेइतके उत्पादन निघेना. कामाचे बारीक तुकडे केलेले होते: एक जण फक्त तुटलेला धागा सांधणार, दुसरा फक्त बॉबिन भरणार, तिसरा फक्त तेलपाणी पाहणार. कोणत्याही मागाची जबाबदारी कोणा एकाची किंवा एखाद्या गटाची अशी नव्हती. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली सुचवले की ठरावीक मागांचा संच एका लहान गटाकडे पूर्णपणे सोपवावा आणि आतली कामे गटाने आपसांत वाटून घ्यावीत. कामगारांनी आणि त्यांच्या मुकादमांनी ही कल्पना उचलून धरली आणि गटात कोणी असावे हेही बरेचसे त्यांनीच ठरवले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढे झालेले. सुमारे सतरा वर्षांनी एरिक मिलर यांनी तिथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका शेडमध्ये ही गटपद्धत जवळजवळ तशीच टिकलेली होती आणि इतर ठिकाणी ती हळूहळू जुन्या वळणावर गेलेली होती. म्हणजे ही व्यवस्था एकदा बसवून विसरून जाता येत नाही; वरून दबाव वाढला, माणसे बदलली, कापडाचे प्रकार बदलले की गटाला आधार देत राहणारा कोणी तरी लागतो. आपल्या पाळीत ती जागा आपली आहे.

आपल्याकडे बदल अधिक असलेली लाइन म्हणजे शिक्षा ठरली आहे, कारण मोजमाप फक्त खोक्यांचे होते. ती लाइन एका लहान गटाकडे पूर्णपणे सोपवून, बदलाची तयारी कधी सुरू करायची, कोणी कुठे उभे राहायचे आणि सहीसाठी निरोप केव्हा पाठवायचा हे त्या गटालाच ठरवू देता येईल का, याचा विचार करावा.

उत्तर: कोलशेत

मी यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात उत्पादन सांभाळतो. बेलापूरच्या सरांचे लेखन मी आदराने वाचले, तरी दोन गोष्टी जरा वेगळ्या दिसतात त्या नोंदवतो.

पहिली हर्झबर्ग यांच्याविषयी. माणसाला चांगल्या-वाईट आठवणी विचारल्या की यशाचे श्रेय तो स्वतःच्या कामाला देतो आणि अपयशाचे खापर धोरणांवर आणि साहेबांवर फोडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षांतली ती सुबक विभागणी काही अंशी विचारण्याच्या पद्धतीतूनच आली असावी, अशी टीका पूर्वीपासून होत आली आहे आणि मला ती रास्त वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नगावर दिलेला मोबदला नेहमीच घात करतो असे नाही. सेफलाइट ही अमेरिकेतील मोटारींच्या काचा बसवणारी कंपनी. तिने तासावरचे वेतन बदलून बसवलेल्या काचेमागे मोबदला सुरू केला, तेव्हा प्रतिकामगार काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले, असे एडवर्ड लेझियर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. त्यातली जवळपास निम्मी वाढ त्याच कामगारांनी अधिक काम केल्यामुळे होती आणि उरलेली बरीचशी, वेगाने काम करणारी माणसे तिथे टिकल्यामुळे व नव्याने आल्यामुळे. पण तिथे काच नीट बसली नाही तर ती ज्याने बसवली त्यालाच पुन्हा बसवावी लागत असे. म्हणजे संख्या आणि गुणवत्ता या दोहोंचा जाब एकाच माणसापाशी होता. आपल्या कारखान्यात खोक्याचे पैसे भरणाऱ्याला मिळतात आणि फिकट छपाईचा त्रास पुढच्या तपासणीला होतो. दोष पैशात नाही, मोजमापाच्या या फटीत आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॅन एरियली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत मदुराईच्या आसपासच्या खेड्यांत लोकांना स्मरणाचे, लक्षाचे आणि हस्तकौशल्याचे खेळ दिले आणि बक्षिसाची रक्कम लहान, मध्यम आणि खूपच मोठी अशी ठेवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत मोठे बक्षीस समोर असलेल्यांची कामगिरी सर्वांत वाईट झाली. एकाग्रता लागणाऱ्या कामात मोठी रक्कम माणसाचे लक्ष कामावरून उडवून स्वतःकडे ओढते. छपाई तपासणे हे डोळ्यांचे आणि एकाग्रतेचे काम आहे, त्यामुळे भत्त्याची रक्कम आणखी वाढवण्याचा प्रस्ताव आला तर आपण त्याला विरोध करावा असे मी सुचवीन.

व्यवहारात करण्याजोगे असे: भत्ता वैयक्तिक न ठेवता पूर्ण पाळीचा करावा, त्यात तपासणीत परत न आलेलीच खोकी धरावीत, आणि प्रत्येक बदलाला लागणारा सर्वमान्य वेळ हिशेबातून वगळावा. आमच्याकडे साचा बदलण्याचा वेळ हिशेबात येऊ लागल्यावर बदलाच्या कामाला नकार देणे थांबले. व्यवस्थापनाला हे पटवताना भावनेपेक्षा आकडे पुढे करावेत. प्रत्येक लाइनवरचा थांबलेला वेळ आणि त्याचे कारण एका वहीत नोंदवायला आजपासूनच सुरुवात करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: दुसरी पाळी, रबाळे

सर्वांचे मनापासून आभार. कोपरीकरांनी विचारले त्याची मी चौकशी केली. भत्ता ठेकेदारी कामगारांना कागदोपत्री लागू आहे, पण तो ठेकेदाराच्या देयकातून येतो, उशिरा येतो, आणि किती खोक्यांचा किती आला हे कोणालाच कळत नाही. निदान त्याचा तपशील दर आठवड्याला फलकावर लावण्याची परवानगी मी मागितली आहे आणि ती मिळेल असे दिसते. थांबलेल्या वेळेची नोंदही सुरू केली. बदलानंतरच्या वेळेचा सर्वांत मोठा भाग सहीची वाट पाहण्यात जातो, कारण दुसऱ्या पाळीत गुणवत्ता विभागाचा एकच माणूस सगळ्या लाइनींना पुरवला जातो. हे सगळ्यांना दिसत होते, बोलत मात्र कोणी नव्हते.

माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. काही जणी मला घरच्या अडचणी सांगतात, एखादीला लवकर जायचे असते, एखादीला अवघड लाइन नको असते, आणि मी जमेल तसे सांभाळून घेते. त्यामुळे काही जणी माझ्या जवळच्या समजल्या जाऊ लागल्या आहेत. दुसरीकडे, वरिष्ठ म्हणतात तसा धाक दाखवणे माझ्या स्वभावात नाही. यात मार्ग कोणता?

उत्तर: निवृत्त, बेलापूर

कोलशेतकरांची हर्झबर्ग यांच्यावरची टीका मला मान्य आहे, आणि मोजमापाच्या फटीविषयी त्यांनी लिहिलेले माझ्या लेखनापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

डेव्हिड मॅक्लेलंड यांनी कर्तृत्वाची, आपुलकीची आणि सत्तेची अशा तीन ओढी मानल्या आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाड्याच्या लहान उद्योजकांना त्यांनी दिलेले प्रशिक्षण आपल्याकडे अजूनही शिकवले जाते. १९७६ साली त्यांनी डेव्हिड बर्नहॅम यांच्यासोबत व्यवस्थापकांविषयी एक लेख लिहिला. आपण सर्वांना आवडावे ही ज्या व्यवस्थापकाची मुख्य ओढ असते, त्याच्या हाताखालची माणसे अधिक सुखी असतील असा आपला समज असतो. त्यांना उलटे आढळले. असा व्यवस्थापक समोर आलेल्या प्रत्येकाची अडचण खरी मानून त्याला सवलत देतो, आणि जे मागायला आले नाहीत त्यांना ती व्यवस्था अन्यायाची वाटू लागते. आपण काय केले तर आपल्यासोबत काय होईल हे कोणालाच कळेनासे होते. चांगले व्यवस्थापक असे निघाले की ज्यांना प्रभाव पाडण्याची ओढ जबर होती, पण ती स्वतःच्या मोठेपणासाठी न वापरता ते संस्थेच्या कामासाठी वापरत आणि स्वतःला आवर घालत. त्यांच्या माणसांना जबाबदारीची जाणीव अधिक होती आणि कामाची दिशा अधिक स्पष्ट होती.

म्हणून आपल्या दयाळूपणाला मी दोष देणार नाही, फक्त त्याला सर्वांना दिसणारे रूप द्यावे असे सुचवतो. अवघड लाइनची पाळी आठवड्याने फिरेल असा तक्ता लावावा. अदलाबदल करायची असेल तर ती दोघींनी आपसांत ठरवून तक्त्यावर लिहावी, आपली परवानगी मागायला येऊ नये. लवकर जाण्याची सवलत कोणत्या कारणांसाठी आणि किती वेळा, हे पाळीच्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे. एवढे झाले की कोणाच्या घरी आजारपण असल्यास आपण आणखी पुढे जाऊन मदत केलीत तरी तिला कोणी पक्षपात म्हणणार नाही.

धाकाविषयी मला एक वेगळे उदाहरण द्यायचे आहे, आणि ते माझ्या घराजवळचे आहे. कोकण रेल्वेचे मुख्यालय इथे बेलापुरातच आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे सोपवला. निर्णयाची साखळी आखूड ठेवली. काम पूर्ण व्हायला किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी चालणारी घड्याळे ठिकठिकाणी लावली. पेडण्याच्या बोगद्यात चिखलासारखी माती वारंवार ढासळत राहिली आणि मार्ग सलग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला, म्हणजे ठरलेली मुदत मागे पडली. तरीही त्या घड्याळाविषयी तिथल्या माणसांकडून मी जे ऐकले आहे त्यात भीतीचा सूर नसतो. घड्याळ सर्वांसाठी एकच होते, त्यात वरिष्ठांचाही वेळ मोजला जात होता, आणि अडचण वर कळवली की ती सोडवण्याची जबाबदारी वरच्यांची होती. श्रीधरन शिस्तीचे कठोर होते यात शंका नाही. मात्र ज्याच्याकडून काम मागायचे त्याच्या हाती अधिकार देऊन मग ते मागणे, आणि अधिकार न देता नुसते डोळे वटारणे, यांत फार अंतर आहे. आपल्या वरिष्ठांना धाक हवा असेल तर सही उशिरा येण्याची अडचण सोडवायला आधी त्यांनी पुढे व्हावे.

आपली थांबलेल्या वेळेची नोंद पाहून मला तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांचा अभ्यास आठवला. सात कंपन्यांतील २३८ जणांनी रोज कामाच्या शेवटी लिहिलेल्या सुमारे बारा हजार टिपणांवरून त्यांना दिसले की ज्या दिवशी महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात, लहान का होईना, पुढे पाऊल पडते तो दिवस माणसाला चांगला जातो, आणि काम अडून राहिले की मन सर्वांत लवकर खचते. व्यवस्थापकांना मात्र प्रेरणेच्या कारणांचा क्रम लावायला सांगितला तेव्हा ही प्रगती त्यांनी शेवटच्या क्रमांकावर टाकली. पर्यवेक्षकाचे बरेचसे काम वाटेतले दगड उचलण्याचे असते, आणि ते करण्यासाठी पगार ठरवण्याचा अधिकार लागत नाही. गुणवत्ता विभागाच्या माणसाशी बोलून बदलांच्या वेळा एकमेकींवर येणार नाहीत अशा लावता आल्या, तर मला वाटते की आपल्या पाळीत भत्त्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक दिसेल.

आणखी एक गोष्ट लिहितो आणि थांबतो. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ साली एका अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी ज्यांची काही मिनिटांची भेट घडवली, ते कर्मचारी महिन्याभरानंतर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ फोनवर घालवत होते आणि त्यांनी जमवलेली रक्कमही दुपटीहून अधिक झाली होती. आपल्या बायका ज्या पट्ट्या भरतात त्या कोणाच्या हातात पडतात हे त्यांनी कधी प्रत्यक्ष ऐकले आहे का? कोपरीकरांचा इशारा मात्र इथेही लागू आहे. भत्त्याचा हिशेब स्वच्छ होण्याआधी रुग्णसेवेची भाषा पाळीत आणू नये.

उत्तर: कळवा

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या औषधभांडारात काम करतो आणि शेवटचा मुद्दा वाचून लिहितो आहे. आमच्याकडे वॉर्डात पूर्ण पट्टी क्वचितच जाते. रुग्णाला लागतील तेवढ्या गोळ्या कापून दिल्या जातात. बॅच क्रमांक आणि मुदत पट्टीच्या एका टोकालाच छापलेली असेल तर आम्ही दुसऱ्या टोकाकडून कापत जातो, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख सोबत राहते. छपाई फिकट असेल किंवा ठसा सरकून अर्धाच उमटला असेल तर परिचारिकेला ती तारीख वाचता येत नाही, आणि न वाचता आलेली गोळी द्यायची नाही असा नियम असल्यामुळे चांगले औषध बाजूला काढावे लागते. रात्रीच्या वेळी एखादे औषध थोडेच शिल्लक असले तर त्यासाठी नातेवाइकाला बाहेरच्या दुकानात धावावे लागते, आणि जवळ पैसे नसलेला माणूस रात्री अकरा वाजता धावतो तेव्हा तो आम्हालाच बोल लावतो. कंपनीने औषध परत मागवले तर वॉर्डातल्या कापलेल्या तुकड्यांतून ती बॅच शोधायला आमच्याजवळ त्या छपाईशिवाय दुसरे काही नसते.

आपल्या पाळीतल्या भगिनींना हे ठाऊक असेलच असे मला वाटत नाही, कारण मला स्वतःला पट्टी भरताना काय अडचणी येतात हे आज पहिल्यांदा कळले. कारखान्याची परवानगी असेल तर मी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास येऊन बोलू शकेन, आणि आमच्याकडे बाजूला काढलेल्या काही रिकाम्या पट्ट्या, रुग्णालयाची संमती घेऊन, दाखवायला आणीन. मलाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत: छपाई फिकट का होते, शाईमुळे की ठशाच्या दाबामुळे, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना तारीख छापणे आपल्या यंत्रावर शक्य आहे का?